दोन कपाटांमधलं पुस्तक

"हे बघ," म्हणत आण्णांनी एक पुस्तक माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "कुठं सापडलं असेल, सांग."

"वैद्यकीयमध्ये. मीच ठेवलंय तिथं."

"स्वेटरांत! दोन सुलट, एक उलट आणि मधेच कॅन्सर. एक बाई नातवासाठी टोपरं विणायचं पुस्तक मागत होती. मी कप्प्यातनं ओढलं, तर हे तिच्या पायावर पडलं. घाबरून टोपरं न घेताच गेली की ती."

पुस्तक पातळ होतं, पिवळ्या वेष्टणाचं. पुण्याच्या एका डॉक्टरांनी साध्या माणसांसाठी कर्करोगाबद्दल लिहिलेलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा दारासमोरच्या कपाटात नेऊन ठेवलं. तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी हातात घेतलं असेल आणि कंटाळून दुसरीकडे टाकलं असेल. दुकानात असं होतं.

मिरजेच्या मगदूम बुक डेपोत मला कामाला लागून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. बी.एस्सी. झाले होते, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. प्रयोगशाळेतली नोकरी मिळत नव्हती आणि दाखवायचे कार्यक्रम चालू होते. त्या दोन्हींमधल्या रिकाम्या वेळात वडिलांच्या ओळखीनं आण्णांनी मला बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुस्तकांच्या कण्यावरची नावं त्यांना वाचता येईनात, आणि तोवर दुकानातलं सगळं त्यांच्या डोक्यातच होतं.

आण्णांची मांडणी प्रकाशकवार. प्रकाशकाचा माणूस वसुलीला आला की त्याला त्याच्या कपाटासमोर उभं करायचं, काय खपलं, काय उरलं ते दाखवायचं, विषय संपला. त्यामुळे द्राक्षांच्या छाटणीशेजारी सत्यनारायणाची पोथी, तिच्याशेजारी मोटार रिवाइंडिंग, आणि त्याला खेटून लहान मुलांची राक्षसाची गोष्ट. गिऱ्हाईक आण्णांना विचारायचं आणि आण्णा न बघता हात घालून पुस्तक काढायचे. आता हात चुकायला लागला होता.

मी सगळं विषयवार लावायला घेतलं. इतक्या प्रकारची पुस्तकं मी एकत्र कधी पाहिली नव्हती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तंबोऱ्या-सतारींचं गाव, आणि कर्नाटक हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दुकानात काय नव्हतं? नर्सिंगची पाठ्यपुस्तकं, रागांच्या बंदिशी, घरबसल्या कन्नड, शेळीपालन, कूळकायदा, लोणची-मुरंबे, पत्रिका जुळवणं, रहस्यकथा, विहिरीचं पाणी कसं शोधावं. पेशंटबरोबर आलेली माणसं वेळ घालवायला यायची आणि घरी असताना ज्याकडे ढुंकून पाहिलं नसतं अशी पुस्तकं घेऊन जायची. एका पैलवानानं माझ्यासमोर फुलांच्या रांगोळ्यांचं पुस्तक घेतलं होतं. का, ते मी विचारलं नाही. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

प्रत्येक पुस्तक हातात घेऊन हे नक्की कशाचं, हे ठरवण्यात मला मजा येत होती. आण्णांना माझ्या काही निर्णयांवर हसू यायचं.

"स्वप्नांचं पुस्तक कुठं लावलंस?"

"मानसशास्त्रात."

"अगं कुमुद, ते मटकेवाले नेतात. स्वप्नात साप आला तर कुठला आकडा, ते बघायला. भविष्याशेजारी ठेव."

ठेवलं. पण पिवळ्या पुस्तकाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. ते वैद्यकीयच होतं, आणि तरीही तिथं राहत नव्हतं. मी सकाळी जागेवर लावायचे; दुपारी डबा खाऊन आले की ते आतल्या बाजूला शेतीच्या कपाटात असायचं, डाळिंबाच्या पुस्तकामागे आडवं. पुन्हा जागेवर लावलं की संध्याकाळी वीणकामात, टोपऱ्या-मोज्यांच्या मोठ्या पुस्तकाच्या पोटात. रोज.

"शास्त्र शिकलेल्या पोरीनं हात लावला आणि पुस्तकांना पाय फुटले," आण्णा म्हणाले. "माझ्या मांडणीत तीस वर्षं एक पुस्तक हललं नाही. परत पाठवून दे ते पुण्याला."

"थोडे दिवस राहू द्या, आण्णा."

"कशाला?"

"मला बघायचंय."

आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते त्यांचं हो म्हणणं होतं.

मी पुस्तक नीट तपासलं. पुस्तक पाठीवर सैल धरून सोडलं की ते जिथं जास्त वेळा उघडलेलं असतं तिथं आपोआप उघडतं. हे दोन जागी उघडत होतं. एक जागा सुरुवातीजवळ, आजार अंगात कसा पसरतो ते सांगणारी. दुसरी अगदी शेवटाकडे, उपचारांच्या प्रकरणात. मधली पानं करकरीत होती, कुणी बोट न लावलेली. एकच माणूस वाचत असता तर वाट मधून गेली असती. वाचणारे दोघं होते.

आणि ते दोघं पुस्तक हलवत का होते, तेही मला त्या कपाटासमोर उभं राहिल्यावर कळलं. वैद्यकीयचं कपाट मी दारासमोर ठेवलं होतं, नर्सिंगच्या मुलींना सोयीचं म्हणून. तिथं उभं राहिलेला माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होता. शेती आणि वीणकाम आत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिशेबाच्या टेबलाशी न बसता आत जाऊन कपाटं पुसत राहिले. पहिला माणूस दिसला. साठीच्या आसपासचा, उंच, डावा पाय जरा ओढत चालणारा. धोतर, अंगात पांढरा सदरा. पिवळं पुस्तक त्यानं येताना दारातूनच उचललं होतं. शेतीच्या कपाटाशी आल्यावर टोपी काढून काखेत धरली, देवळात आल्यासारखी, आणि डाळिंबाचं पुस्तक बाहेरून धरून आत पिवळं पुस्तक उघडलं. ओठ हलवत वाचत होता. पान उलटण्याआधी बोट धोतराला पुसायचा.

मी स्टूल नेऊन त्याच्याजवळ ठेवलं.

तो दचकला. दोन्ही पुस्तकं मिटली. "न्हाई न्हाई, घ्यायचं न्हाई मला. नुसतं बघत होतो."

"बघा की. बसून बघा."

बराच वेळ तो बसला नाही. मग बसला.

"आमच्या बायकोला हाय," तो म्हणाला. डोळे माझ्याकडे नव्हते. "आम्ही जतकडचे. हितं धर्मशाळेत उतरलोय. रोज सकाळी ती बायकांच्या तपासणीला आत जाती, गड्यास्नी बाहेर थांबवत्यात. तेवढ्यात येतो मी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आपरेशन करूया म्हणत्यात. लवकर केलं तर चांगलं म्हणत्यात. ह्यातबी तसंच लिवलंय." त्यानं पुस्तकावर हात ठेवला. "पण ती तयारच होईना."

"का?"

"तिला सांगितलं न्हाई मी. साधी गाठ हाय म्हणालोय. डॉक्टरांनाबी तसंच सांगायला लावलंय. तर ती म्हणती, साधी गाठ हाय नव्हं, मग कशाला कापायची? आता काय बोलू? खरं सांगितलं तर हाय खाऊन मरंल. न्हाई सांगितलं तर आपरेशन न्हाई. उद्याच्या गाडीनं गावाकडं न्हे म्हणून बसलीया."

मी डाळिंबाचं पुस्तक कपाटात सरकवलं.

"पुस्तक घरी न्या ना," मी म्हणाले. "सावकाश वाचा."

"आणि तिच्या हाताला लागलं तर?" मग स्वतःच मान हलवली. "तसं तिला वाचता येत न्हाई म्हणा. येत असतं तर त्या दवाखान्यातल्या पाट्याच वाचल्या नसत्या का? पण गावची माणसं येत्यात भेटायला, त्यांच्यातलं कोण तरी वाचंल. ताई, कुणाला बोलू नका."

मी मान डोलावली. तो गेला. दार ओलांडताना त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली.

म्हणजे एक वाचक सापडला होता. शेवटाकडची पानं त्याची. सुरुवातीची पानं कुणाची? त्याच्या बायकोची असतील हा विचार माझ्या मनात आला आणि लगेच मी तो खोडला. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्यानंच सांगितलं होतं. याहून पक्की माहिती कुठून आणायची? या गावात कर्करोगाचे रुग्ण शेकड्यांनी येतात. दुसरं कुणीतरी असणार.

त्या बोलण्याच्या विचारात माझा डबा खायचा राहिला आणि पुस्तक जागेवर लावायचंही राहिलं. ते शेतीतच होतं. म्हणूनच दुपारी एक बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घट्ट ओढून घेतलेला.

"ताई, ते पिवळं पुस्तक दारात न्हाई आज."

आण्णा आत खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी आवाज खाली आणला.

"तुम्ही वाचता ते?"

"येळ लागतो मला. चौथीपर्यंत शाळंला गेल्ते. लग्न झाल्यापास्नं हातात कागद आला न्हाई. घरात सगळ्यांना वाटतं, हिला येत न्हाई. मीबी कधी सांगितलं न्हाई." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर थोडा मिश्कीलपणा आला. "जावा-नणंदांच्या चिठ्ठ्या येतात नव्हं घरात. येत न्हाई म्हटलेलं बरं असतं."

"मग हे कशासाठी वाचताय?"

"दवाखान्यात दारावर पाटी हाय. पहिल्याच दिवशी वाचली मी. एकेक अक्षर लावून." तिनं पदर आणखी घट्ट केला. "मला साधी गाठ म्हणून सांगतात. मीबी साधी गाठ म्हणती. दुपारी आमचं मालक रिपोर्टाच्या रांगंत उभं असतात, तवर येते हितं."

मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"आज शेवटचंच," ती पुढे म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं गावाला जायचं. आपरेशन करायचं न्हाई मला."

"का हो?"

"निम्म्यापर्यंत बी आले न्हाई मी, पण जेवढं वाचलं त्यात हाय की. रगतातनं सगळीकडं पसरतं म्हणून. मग एक जागा कापून काय उपेग? कशाला त्यांना हितं रांगंत उभं करायचं, त्या पायानं? साधी गाठ हाय नव्हं, मग कशाला कापायची, असं म्हणूनच मी त्यांचं तोंड बंद केलंय. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? खरं कळलं तर हाय खातील. तुम्ही कुणाला बोलू नका, ताई."

एकाच दिवसात एकच वाक्य मी दोन तोंडांतून ऐकलं होतं. सकाळी खोडलेला विचार मी परत मांडला. तो बरोबर होता. माहिती चूक होती.

आता काय करायचं? दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि दोघांनाही मी मान डोलावून बसले होते. 'तुमच्या मालकांना ठाऊक आहे' एवढं म्हटलं असतं तरी मी सकाळच्या माणसाचा शब्द मोडला असता. आणि काहीच म्हटलं नसतं, तर उद्या सकाळची गाडी होती. तिनं वाचलं ते खोटं नव्हतं. पण ते पुस्तकाचं तिसरं प्रकरण होतं, आणि तिच्याबद्दल डॉक्टर काय म्हणत होते ते शेवटच्या प्रकरणात होतं. तिथं ती पोचलीच नव्हती.

"पुस्तक शेतीच्या कपाटात आहे," मी म्हणाले. "सकाळी ते तिथं असतं."

"तिथं कोण न्हेतं?"

"एक जण येतात. तुमच्यासारखेच उभ्यानं वाचतात, पण पुढची, शेवटाकडची पानं. डाळिंबाच्या पुस्तकात लपवून."

ती हसली. "असलंच कुणीतरी आमच्यासारखं. कोण हो?"

"नाव मी विचारलं नाही."

"दिसायला कसं?"

हे मला सांगता येत होतं. नाव, गाव, कारण, काहीच सांगायचं नव्हतं. जे कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं तेवढंच. मी एकेक गोष्ट क्रमानं सांगितली. उंच आहेत. डावा पाय ओढतात. वाचताना टोपी काढून काखेत धरतात. पान उलटायच्या आधी बोट धोतराला पुसतात.

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. बाहेर एक टांगा गेला, त्याचा आवाज पार चौकापर्यंत ऐकू येत होता.

"पाय म्हशीनं तुडवलावता," ती म्हणाली. "रोज येतात?"

"रोज सकाळी."

"किती दिवस झालं?"

"मी पाहतेय तेव्हापासून."

"आणि मला म्हणतात, साधी गाठ." तिनं नाकाला पदर लावला, रडतेय की हसतेय, मला कळलं नाही. "बाई गं. असल्या माणसाला काय म्हणावं?"

त्या दिवशी तिनं पुस्तक वाचलं नाही. शेतीच्या कपाटापर्यंत गेली, डाळिंबाच्या पुस्तकाला हात लावला आणि निघून गेली.

घरी जेवताना आईनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही. गाडी सकाळची होती. ती गाडीत बसणार की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं, आणि माझ्या बोलण्यानं तिचा हट्ट अजूनच पक्का झाला असण्याचीही शक्यता होती. 'त्यांनाही ठाऊक आहे, मग आता तरी त्यांना त्रास कशाला?' असंही ती म्हणू शकली असती.

सकाळी आण्णांनी कुलूप काढलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.

"तपासणीच्या रांगंतनं उठून आले," ती मला म्हणाली. "दाखवा ते कपाट."

मी स्टूल दिलं. ती त्यावर पुस्तक उघडं मांडून बसली, कशातही न लपवता. तिसरं प्रकरण संपवून चौथं काढलं. बोट ओळीखालून सरकत होतं, गोगलगाईसारखं.

त्याची नेहमीची वेळ झाली. तो आला नाही. गाडीची वेळही जवळ येत होती. आण्णा माझ्याकडे बघत होते. मी शेवटी त्यांना थोडक्यात काय ते सांगितलं, कारण आता आण्णांपासून लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघंही त्याच पुस्तकात?" आणि चष्मा पुसायला घेतला.

मग तो आला. धावत म्हणावं असा. टोपी हातात, सदऱ्याचं बटण वरखाली लागलेलं.

"ताई, एक बाई बघितली का? हिरवं लुगडं. तपासणीतनं कुठं गेली, कुणाला पत्ता न्हाई. धर्मशाळेत बघितलं, स्टँडवर बघून आलो..." त्याचा श्वास पुरत नव्हता. "तिला कुणी काय सांगितलं तर न्हाई?"

"आत बघा," मी म्हणाले.

तो आत वळला आणि शेतीच्या कपाटाच्या तोंडाशी थांबला. मी टेबलापासून हलले नाही, पण तिथून दिसत होतं. तिनं मान वर केली नाही. ओळ पुरी केली, बोट तिथंच ठेवलं आणि मग पाहिलं.

"बसा की," ती म्हणाली.

"तू..." त्यानं पुस्तकाकडे बोट केलं. "तुला वाचता येतंय?"

"चौथीपर्यंत शिकले की. तुम्ही कधी विचारलंय?"

"म्हणजे पाटी..."

"पहिल्याच दिवशी."

तो कपाटाला टेकला. त्याच्या पाठीमागे द्राक्षं, ऊस, कुक्कुटपालन.

"मला वाटलं, तू हाय खाशील."

"मला वाटलं, तुम्ही खाल."

"मग गाडीनं जायचं का म्हणत होतीस?"

"निम्मंच वाचलं होतं मी. तुम्ही पुढलं वाचलंय म्हणं सगळं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पुस्तकांच्या थप्पीकडे पाहिलं.

"वाचलंय," तो म्हणाला.

"चांगलं हाय का वाईट?"

"चांगलंबी हाय. वाईटबी हाय थोडं. येळेवर केलं तर बायका जगत्यात, आसं हाय. डॉक्टरबी तेच म्हणालाय. तुझं येळेवर हाय म्हणालाय."

"डॉक्टर म्हणाला आणि तुम्ही मला साधी गाठ सांगितली." तिच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "आता तुमच्या तोंडचं काय खरं मानू मी? छापलंय ते दावा."

तो खाली जमिनीवरच बसला, दुखरा पाय सरळ लांब करून. तिनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं नेमकं पान काढलं; ते तसंही आपोआप उघडलंच असतं.

तेवढ्यात दारातून दोन कॉलेजची मुलं गाईड मागायला आत आली. आण्णा कधी गिऱ्हाइकाला परत पाठवत नसत. उठले, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना बाहेर नेत म्हणाले, "चला, आधी चहा घेऊ."

आत तो वाचायला लागला होता. जोडाक्षरांशी अडखळत होता, एक लांबलचक शब्द दोनदा चुकला. आणखी एका ओळीनंतर तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"घाई करू नगा. एकेक शब्द मला बघू द्या."

तिनं खाली वाकून त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, आणि त्यानं ती ओळ परत पहिल्यापासून सुरू केली.